थोरल्याच्या घराच्या खिडक्या

आमच्या गावात कुणाचं नवं घर बघायला माणसं आली की आत शिरायच्या आधी खिडक्या बघतात. किती उंच, किती रुंद, काच निळी की काळी, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरून दिसतात की नाही. मग आत येऊन टाइल्स बघतात आणि चहा पिऊन निघताना म्हणतात, "मस्त झालाय हा बंगला, उजेड काय येतो!" घरमालक बिचारा सगळे पडदे ओढून, एसी लावून बसलेला असतो, तरी मान डोलावतो. मला या प्रकाराचं आधीपासून हसू यायचं. पण दुसऱ्याच्या घराला हसणं वेगळं आणि आपल्या घराची पाळी येणं वेगळं.

आमचं गाव माजिवड्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. गाव म्हणायचं आपलं, चारी बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मधे आमची थोडी घरं उरलीत. सासरे तरुणपणी मिठागरात राबले, पावसाळ्यात भात लावला, आणि पुढे जमिनीला भाव आला तशी थोडी विकली, थोडी ठेवली. त्या ठेवलेल्यापैकी एका तुकड्यावर दोन्ही मुलांना घरं बांधून द्यायची हे त्यांनी कितीतरी वर्षं मनात धरलेलं. थोरला मुलगा म्हणजे माझा नवरा, धाकटा माझा दीर. दोघांची घरं एकदम बांधायची, आणि दोन्ही सारखी.

हे "सारखं" काय प्रकरण आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या लग्नात मला शालू घेतला हिरवा. पुढे जाऊ आली, तर तिलाही त्याच दुकानातून तसाच हिरवा, तिला हिरवा रंग डोळ्यांपुढे नको होता तरी. मला मिक्सर आणला तर तिच्या नावाने दुसरा आला, म्हणजे एकाच ओट्यावर दोन मिक्सर! पापलेटं आणली तर दोन, एका मापाची. बाजारात ते मासेवालीशी वाद घालायचे, हे बोटभर मोठं आहे, बदलून दे. ती म्हणायची, "आजोबा, दर्याला सांगू काय, सारखी मासली दे म्हनून?" आम्ही दोघी जावा पदर तोंडाला लावून हसायचो. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

दिसणार कसं? त्यांचं आणि त्यांच्या सख्ख्या भावाचं शेताच्या बांधावरून फाटलेलं. हातभर रुंदीचा बांध, तो कुणाचा, यावरून. दोघं भाऊ एका आळीत राहिले आणि बोलले नाहीत. पोरांच्या हळदी झाल्या, लग्नं झाली, कुणी कुणाच्या दारात गेलं नाही. तो भाऊ वारला तेव्हा सासरे रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले, आणि त्या घरातून त्यांना कुणी "या" म्हटलं नाही. परत येऊन ते ओटीवर बसले आणि मला म्हणाले, "पोरी, माज्या दोगांमदी असं व्हायला नको." मी नवी होते, मान हलवली. तेव्हापासून मी बघत आले, या माणसाचा सगळा संसार त्या एका भीतीवर चाललेला. त्यामुळे थट्टा कितीही केली तरी मनातून मला त्यांची दया यायची.

तर ही जमीन नाक्यावरची. एका बाजूला पश्चिमेचा मोठा रस्ता, दुसऱ्या बाजूला उत्तरेची गल्ली. आमच्या घरात वाटणीची रीत अशी की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला लबाडी सुचत नाही. ह्यांनी तुकड्याचे दोन सारखे भाग केले. दिराने गल्लीकडचा उचलला, तिकडे धूळ कमी आणि गाडी लावायला बरं. मोठ्या रस्त्याचा आमच्याकडे राहिला, तर आमचे हे मनातून खूश, कारण घराचं तोंड मोठ्या रस्त्याला म्हणजे येणारा-जाणारा बघणार. कुणाचं काही वाकडं झालं नाही. सासऱ्यांनी दोघांच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं, मगच नारळ फोडला.

नकाशा काढायला डोंबिवलीची एक मुलगी धरली, जावेच्या माहेरच्या शेजारची. आर्किटेक्ट झालेली, बोलायला गोड, पण एका शब्दाला मागे हटायची नाही. सासऱ्यांनी तिला पहिल्या दिवशीच बजावलं, "एकच नकशा काढायचा. त्यो इकडं ठेवायचा, नि फिरवून तिकडं ठेवायचा." ह्यांनी तिला गावातला एक बंगला दाखवला, पुढे खालपासून वरपर्यंत काच असलेला. ती म्हणाली, "काका, तुम्हाला हवंय तसं आधी काढते. मग उन्हाचा हिशोब करू, आणि त्यात बसत नसेल तर बदलू." ह्यांनी त्यातलं फक्त "तुम्हाला हवंय तसं" एवढंच ऐकलं. नकाशा आला, दोन्ही घरं एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. हे तो मोबाईलमध्ये घेऊन गावभर दाखवून आले.

जुनं घर गळायला लागलेलं, म्हणून ते आधीच रिकामं करून आम्ही जवळच्या टॉवरमध्ये भाड्याने राहायला गेलो. दोन फ्लॅट, अर्थातच सारखे, एकावर एक. सासरे आलटून पालटून राहायचे. हॉलची आणि बेडरूमची तोंडं पश्चिमेला, आणि तिथे काचच काच. जानेवारीपर्यंत मी सुद्धा म्हणाले, काय सुंदर, येऊरचा डोंगर दिसतो! मार्च लागला आणि माझं सुंदर गेलं खड्ड्यात. दुपार झाली की ऊन पार स्वयंपाकघरापर्यंत चालत यायचं. संध्याकाळी सूर्य डोंगरामागे गेला तरी घर आपलं तापलेलंच. गादी तापलेली, खुर्ची तापलेली, खोबरेल तेलाची बाटली दिवसरात्र पातळ. त्यात माझे ते दिवस चाललेले, पाळी जायचे. बसल्या जागी अंगातून वाफा निघायच्या, कानशिलं पेटायची, आणि मी भाकरी थापता थापता सगळ्यांवर ओरडायचे. एसी लावला तर गुडघे धरायचे, बंद केला तर जीव जायचा. नवऱ्याने विचारलं, "तुला नक्की काय पाहिजे?" मी म्हटलं, "सावली. दुसरं काय नको मला."

वरच्या मजल्यावर जावेची वेगळी रड. ती ब्लाउज शिवते, आणि अंगाला चपखल बसतील असे शिवते. अख्ख्या गावाच्या हळदीचे ब्लाउज तिच्याकडे. पण त्या फ्लॅटमध्ये पडदा उघडला तर ऊन थेट डोळ्यांत, आणि लोकांचे कपडे उन्हाने विटायचे ते वेगळंच. म्हणून दिवसभर पडदे ओढून ट्यूबखाली शिवायची. एकदा मी गेले तर ती डोळे पुसत बसलेली. म्हटलं, काय गं, काय झालं? तर काळ्याशार ब्लाउजला तिने गडद निळ्या दोऱ्याने टीप मारलेली, अख्खं उसवायला लागणार होतं. "ताई, नव्या घरात मला उत्तरेची मोठी खिडकी आहे ना," ती म्हणाली, "तिकडचा उजेड दिवसभर सारखा असतो, सावलीतला. मशीन मी तिथेच लावणार." मग नाक पुसून हसली. त्या खिडकीवर तिचा केवढा जीव होता हे मला त्या दिवशी कळलं.

आणि मग ती डोंबिवलीची मुलगी हिशोब घेऊन आली.

आमच्याच हॉलमध्ये सगळे बसलेलो. ती सांगायला लागली, आता नवीन घर बांधायचं तर पूर्वीसारखं नुसतं मजले आणि जागा सोडलीय की नाही एवढंच बघत नाहीत. भिंती, काचा, छप्पर यातून बाहेरची गरमी किती आत येणार, याचा हिशोब मांडायचा. तो ठरल्या मर्यादेच्या आत पाहिजे. शिवाय वाऱ्यासाठी उघडणारी खिडकी अमुक इतकी तरी पाहिजे, उजेड इतका तरी आत यायला पाहिजे. म्हणजे खिडक्या बुजवून भुयारही करायचं नाही. लहान प्लॉटला हे नसेल, पण आपला मोठा आहे, आपल्याला धरावं लागेल. एवढं सांगून तिने चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "गल्लीकडचं घर बसतंय नियमात. मोठ्या रस्त्याचं नाही बसत."

मग सासरे म्हणाले, "नकशा एक, इटा एक, मिस्त्री एक. मंग एक पोर पास नि एक नापास कसा?"

"आजोबा, ऊन एक नाही ना," ती म्हणाली. "उत्तरेच्या काचेवर ऊन फारसं पडत नाही. पश्चिमेच्या काचेवर अख्खी दुपार पडतं, आणि तिरपं येतं, त्यामुळे वरून छोटा छज्जा काढूनही अडत नाही."

तिने उपायही आणलेले. आमच्या घराच्या पुढची काच काढायची. तिथे लहान खिडक्या, पुढे खोल ओटी, ओटीला जाळी. पश्चिमेची भिंत हलक्या ब्लॉकची, दुहेरी, मधे पोकळी ठेवून. उजेडाची आणि वाऱ्याची मोठी खिडकी बाजूच्या भिंतीला, उत्तरेकडे. माझ्या तर मनात वाजंत्री वाजायला लागली. मी बोलणार एवढ्यात नवऱ्याचा आवाज चढला.

"म्हणजे त्याच्या घराला काचा आणि माझ्या घराला झरोके? मी थोरला आहे घरातला! लोक काय म्हणतील? म्हाताऱ्याने थोरल्याला कोंडवाड्यात घातला. ते काय नाय. चार एसी लावीन, माझे मी."

"काका, एसी किती लावता त्याने गणित बदलत नाही. काच आहे तोवर नापासच," ती शांतपणे म्हणाली.

आता खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याचा राग आलेला, पण सासऱ्यांकडे बघितलं आणि राग विसरले. म्हातारा माणूस दोन्ही मुलांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. दिराने पण ते बघितलं असावं. माझा दीर मनाने मोठा आहे, हे मी कुठेही सांगेन. तो म्हणाला, "दादा, तू ठेवशील तेवढीच खिडकी मी पन ठेवतो. माझ्या पन घराला जाली लावू, ओटी काढू. होऊन जाव दे सारखं."

झालं! सासरे हसले, ह्यांचा चेहरा खुलला, दिराच्या पाठीवर थाप पडली. डोंबिवलीची मुलगी सांगत होती, अहो पण त्या घराला गरज नाही, उगाच अंधार होईल. तिला कोण विचारतो? मी जावेकडे बघितलं. ती ट्रे उचलून आत गेली.

मी मागोमाग गेले. ती बेसिनशी उभी राहून कप विसळत होती. म्हटलं, तू काहीच बोलली नाहीस? "काय बोलू, ताई?" ती म्हणाली. "दोघं भाऊ खूश आहेत ना, बाबांना बरं वाटलं. मी ट्यूब लावीन." विसळलेलाच कप ती परत विसळत होती. माझी अशी सटकली! म्हटलं, ही काय रीत आहे? मला ऊन नको, हिला उजेड हवा, आणि हे तिघे मिळून आम्हा दोघींना सारखंच काहीतरी देणार, जे एकीला लागतं आणि दुसरीच्या मुळावर येतं. वर हिरवा शालू नेसून आम्ही हो म्हणायचं.

मी हात पुसून बाहेर आले, आणि जाऊही मागून दारात येऊन उभी राहिली. माझी आई म्हणायची, हिच्या तोंडाला झाकण नाही, ते खोटं नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, सारखं नको. मला सावली पाहिजे ती ही मुलगी देतेय. माझ्या जावेला उजेड पाहिजे तो उत्तरेला आहे. तो बुजवून काय मिळणार आहे? माझी खिडकी लहान म्हणून तिची लहान, हा कुठला न्याय? उद्या मला चष्मा लागला तर तिलाही लावणार काय?"

नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "तुला कुणी पढवलं? हिने?" आणि जावेकडे बोट केलं.

बस. तिथेच ठिणगी पडली. दीर उठून उभा राहिला. "दादा, माझ्या बायकोचं नाव घेऊ नको. ती काय बोलली? मी तुझ्यासाठी माझी खिडकी बुजवायला निघालेलो."

"तुझे उपकार नकोत मला."

"मग नकोत. राहू दे."

एवढंच. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. दीर चपला घालून वर गेला आणि दोन भावांचं बोलणं थांबलं. मला वाटलं, चार दिवसांत निवळेल, आपलेच दात आणि आपलेच ओठ. पण ते काही निवळलं नाही. मी जे बोलले ते खरंच होतं आणि आजही मी तेच बोलेन. तरी त्या दिवसांत मी रात्री उठून पुसलेलाच ओटा पुसत बसायचे. कारण म्हातारा जन्मभर ज्याला भ्याला ते माझ्याच हॉलमध्ये येऊन बसलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी त्या मुलीला फोन लावायला सांगितला. "तुज्या हिशोबानं काढ," ते म्हणाले. "दोनी येगली काढ." फोन ठेवला तशी मी विचारलं, बाबा, मनापासून म्हणताय? ते म्हणाले, "जलमभर सारकं सारकं करून बगलं. तरी झालंच ना." मी त्यांच्यासाठी चहा ठेवला.

परवानगी आली, काम सुरू झालं. आमचे हे सकाळी साइटवर जायचे, दीर संध्याकाळी. चुकून दोघं एकदम आलेच, तर मधे मी. "त्याला सांग, पाण्याची मोटर बंद करायला." तो तीन हातांवर उभा! "दादाला सांग वहिनी, मोटर बंदच आहे." एकदा मी वैतागून म्हटलं, मी काय पोस्टमन आहे का रे तुमची? तर दोघंही हसले, पण एकमेकांकडे न बघता. घरं मात्र वर येत होती. जावेचं घर पुढून उघडं, मोठ्या काचा, हसरं. आमच्या घराला खोल ओटी, वर रुंद छज्जा, पुढे सिमेंटची जाळी, जाळीमागे लहान खिडक्या. गावातली माणसं थांबून बघायची. कुणी म्हणालं, थोरल्याच्या घराने टोपी घातलीय. एका बाईने मला नाक्यावर गाठून विचारलं, "काय गो, थोरल्याच्या वेळी काच संपली वाटतं?" मी म्हटलं, "काच नाय संपली, अक्कल आली." ती गेली फणकाऱ्याने. पण नवऱ्याला हे सगळं लागायचं. जेवताना ताटाकडे बघत राहायचे. मी काही समजवायला गेले की म्हणायचे, राहू दे, झालं ते झालं. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा.

हिवाळ्यात दोन्ही घरांची वास्तुशांत झाली. एकच दिवस, एकच भटजी, आधी एक घर आणि मग दुसरं. दोन्ही भावांनी पाहुण्यांना हात जोडले, एकमेकांशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सासऱ्यांचं अंथरूण आमच्या खालच्या खोलीत घातलं. जावेने तिच्या घरात घातलं. ते कुठेच आले नाहीत. मागच्या बाजूला, सिमेंटच्या गोणी ठेवायला पत्र्याची खोली बांधलेली. त्यांनी आपली खाट तिथे टाकली.

"बाबा, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं.

"म्हनू दे. जवर ते दोगं बोलत नाय, तवर मी कोनाच्या घरात जानार नाय," ते म्हणाले. "एकाच्या घरात गेलो तर दुसरा म्हनंल, म्हाताऱ्याला त्याचं घर आवडलं. आदीच येगली घरं केली तुमची."

नवऱ्याने समजावलं, दिराने समजावलं, वेगवेगळे जाऊन. त्यांनी दोघांनाही तेच सांगितलं. आणि दोघं पुरुष असे हट्टी, की बाप पत्र्याखाली झोपतोय हे दिसत असून आधी तू बोल, आधी तू बोल करत बसलेले. मी नवऱ्याशी भांडले, जाऊ तिच्या नवऱ्याशी भांडली. उपयोग शून्य. आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ जेवण घेऊन मागे जायचो. जाऊ मात्र उत्तरेच्या खिडकीत मशीन लावून शिवायची, आणि माझं घर कसं लागलं म्हणाल, तर मला बरं वाटायचं हे सांगायची चोरी झालेली. ज्या घरात म्हातारा पाऊल ठेवत नाही त्याचं कौतुक करू कुठल्या तोंडाने?

मे आला. यंदाचा मे म्हणजे विचारू नका. खाडीकडून वारा नाही, टॉवरच्या काचांवरून ऊन उलटून अंगावर यायचं. पत्र्याची खोली दुपारी भट्टी व्हायची, म्हणून सासरे दोन घरांच्या मधल्या बोळात, भिंतीच्या सावलीला खुर्ची टाकून बसायचे. रविवार होता. जेवणं झालेली, हे हॉलमध्ये पेपर घेऊन बसलेले, पंखा चालू. मी ओट्यावरची भांडी आवरत होते. दारात सावली पडली म्हणून बघितलं तर सासरे. बोळातली सावली सरकली असणार. ते उंबऱ्याबाहेर उभे होते, सदरा घामाने पाठीला चिकटलेला.

"पोरी, पानी दे," ते म्हणाले.

मी म्हटलं, बाबा, आत येऊन प्या. भोवळ येऊन पडाल. मी त्यांच्या हाताला धरलं आणि आत घेतलं. वास्तुशांतीनंतर पहिल्यांदा ते आमच्या घरात आले. हे उठून उभे राहिले, परत बसले. सासऱ्यांनी पाणी प्यायलं आणि तांब्या माझ्याकडे देताना तोल सावरायला भिंतीला हात टेकवला. तीच भिंत, पश्चिमेची, बाहेरून अख्खी दुपार ऊन झेलणारी. त्यांनी हात टेकवला तो उचललाच नाही. दुसराही हात ठेवला. दोन्ही पंजे पसरून ते तसेच उभे. मग बाहेर पडले, बोळातून पलीकडे गेले.

मी दारात येऊन बघत राहिले. जावेच्या घराचं दार उघडं होतं. तिने मशीन थांबवलं. सासरे तिच्या खिडकीशेजारच्या भिंतीला दोन्ही हात लावून उभे होते, उत्तरेच्या. तिने मला खूण करून विचारलं, काय झालं? मला तरी काय माहीत.

मग ते आतल्या खोलीत गेले आणि दिराला झोपेतून उठवून, मनगटाला धरून बाहेर घेऊन आले. दीर बनियनवर, डोळे चोळत. "काय बाबा, काय झालं, बरं वाटत नाय काय?" सासऱ्यांनी बोळातून चालवत त्याला आमच्या दारात आणलं. दीर उंबऱ्याशी थांबला, आत आपला भाऊ बसलाय हे बघून. सासऱ्यांनी त्याचं मनगट सोडलं नाही. भिंतीपाशी नेऊन त्याचा हात त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवर ठेवला.

"बग," ते म्हणाले. "तुज्या घराची बग नि ही बग. सारकीच हाय."

दिराने हात काढला. परत लावला, थोडा वर, थोडा बाजूला. जाऊ माझ्यामागे येऊन उभी राहिलेली, तिने माझा दंड घट्ट धरला. माझा नवरा पेपरात तोंड घालून बसलेला, पण पान काही उलटत नव्हता. सासरे एकदा याच्याकडे आणि एकदा त्याच्याकडे बघत होते, आणि मी मनात म्हटलं, देवा, आता तरी.

"दादा," दीर म्हणाला, "गार हाय रे ही."

ह्यांनी पेपर खाली केला.

"तुझी?"

"माझी पन."